गेटाआधीचा थांबा

सोमवार, ४ तारीख

सकाळपासून फोन उराशी धरून बसलोय. ही म्हणाली, "नव्या नवरीलाही कुणी इतकं जपत नाही. आंघोळीला तरी बाहेर ठेवून जा." नाही ठेवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बादलीशेजारी स्टुलावर ठेवला. वाजला नाही तो नाहीच.

एजन्सीत नाव घातलं तेव्हा तिथली मुलगी म्हणाली होती, "काका, आमच्याकडे सगळं लवचिक असतं. तुम्हाला हवं तेव्हा काम." आज मला हवं होतं. मागच्या सबंध आठवड्यातही हवं होतं. दुधाच्या कंपनीत होतो तेव्हा माझी गाडी ठरलेली, रस्ता ठरलेला, गेटवरचा माणूस लांबून बघून दांडा उचलायचा. कंपनी बंद पडली आणि अवजड गाडीचा पक्का परवाना खिशात असलेला माणूस घरी बसून पडदे धुवायला लागला.

शेजारचे मास्तर जिन्यात भेटले. "सध्या काय?" म्हणाले. मी म्हणालो, "आता बांधून घेत नाही स्वतःला. मनात आलं की जातो." असं बोलताना माझी मान जरा ताठ झाली, हे मलाच कळलं. घरात येऊन दार लावलं आणि कान गरम झाले.

ही डायरी मुलगी सासरी जाताना इथेच टाकून गेली होती, कोरीच्या कोरी. लिहितोय, कारण हे सगळं हिच्याशी बोलवत नाही.

मंगळवार, ५ तारीख

फोन आला. पण कुठून, तर आप्पांच्या डेपोतून.

आप्पा म्हणजे हिचे थोरले भाऊ. किराणा मालाच्या एका मोठ्या गोदामात कायम नोकरीत आहेत, शहरातल्या दुकानांना माल पोचवतात. निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत. त्यांनीच तिथल्या वाहतूक साहेबांच्या कानावर माझं नाव घातलं असणार. हिला आनंद झाला. मला झाला नाही असं नाही, पण पुरता नाही.

आप्पांना फोन केला. म्हणालो, "तिथे आपलं नातं सांगू नका. उगीच वशिल्याने आला म्हणतील."

"बरं," म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी."

वशिल्याचं निव्वळ निमित्त. खरी गोष्ट अशी की त्यांच्या अंगात कंपनीचं निळं जाकीट असणार आणि मी एजन्सीचा, आज आहे उद्या नाही. 'हा माझा मेहुणा' असं त्यांनी चारचौघांत सांगावं आणि चौघांनी माझ्याकडे वरून खाली बघावं, हे मला नको होतं.

बुधवार, ६ तारीख

एजन्सीवाल्यांसाठी खुंटीवर पिवळी जाकिटं लटकवलेली असतात. जे हाताला येईल ते घालायचं. माझ्या वाट्याला आलं त्याला दुसऱ्याच्या घामाचा वास होता.

काम काही अवघड नाही. सात दुकानं, प्रत्येक ठिकाणी मागच्या धक्क्याला गाडी लावायची, माल उतरवायचा, सही घ्यायची. मी गाडी धक्क्याला एका दमात लावतो, हे पहिल्याच दुकानात सगळ्यांनी पाहिलं. बरं वाटलं.

परत येताना डेपोच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याच्या कडेला रुंद जागा आहे आणि एक चहाचं दुकान. तिथे आपल्या डेपोच्या चार-पाच गाड्या उभ्या होत्या आणि सगळे निळे जाकीटवाले चहा पीत बसले होते. आप्पाही होते. मला बघून ते उठून रस्त्याच्या कडेला आले आणि हात वर केला. मी आरशात बघतोय असं दाखवलं, हॉर्न दिला आणि पुढे गेलो. नातं सांगू नका म्हणून इतकं बजावलं, तरी यांना राहवत नाही.

गेटवर पोचलो तेव्हा वाहतूक साहेब बाहेरच होते. घड्याळ बघून म्हणाले, "इतक्यात आलात?" मी म्हणालो, "काम झालं, आलो." ते हसले. असं कौतुकाचं हसू मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

शुक्रवार, ८ तारीख

आजही लवकर. एक युक्ती केली, दुधाच्या कंपनीत कधी केली नव्हती.

गाडीत एक यंत्र असतं. चालवतोय, काम करतोय की विश्रांती घेतोय, ते खटका फिरवून त्याला सांगायचं. ठरावीक तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती सक्तीची. मी खटका विश्रांतीवर टाकला आणि त्याच वेळात दोन दुकानांचा माल उतरवला. यंत्राच्या मते मी झोपलेला होतो. कुणाचं काय बिघडलं? दमलोच नव्हतो. नव्या माणसाने दोन पावलं जास्त टाकून दाखवली, तरच त्याला पुन्हा बोलावतात.

चहाच्या दुकानाशी तोच मेळा. कंपनीच्या वेळेत पाय पसरून बसतात आणि मग सावकाश डेपोत येतात. कायमची नोकरी अशी अंगावर चढते.

रविवार, १० तारीख

आप्पा आणि वहिनी जेवायला आले. जेवण झाल्यावर आप्पा गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊजी, एवढी घाई करू नका. गेटच्या आधी जरा थांबत चला. आमच्यात बसा, चहा घ्या."

मी म्हणालो, "आप्पा, मला गाडी येते."

"गाडीचं नाही हो..."

"आणि चहा मी घरून नेतो."

ते आत गेले. नंतर मला वाईट वाटलं, पण मी काही शिकाऊ नाही. बहिणीचा नवरा एकटा बसतो म्हणून त्यांना दया येते. ती दया मला सोसत नाही. आत येऊन बघतो तर ही दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

बुधवार, २० तारीख

दीड आठवडा सलग काम. फोनची वाट बघावी लागत नाही, ती मुलगी आदल्या दिवशी दुपारीच सांगते, "काका, त्यांनी तुमचंच नाव घेतलंय." अंगावर मूठभर मांस चढलं.

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, "तुमच्या वेळा मी बाकीच्या फेऱ्यांना लावून बघतोय. तुमच्यासारखी माणसं कायम असायला हवीत." कायम हा शब्द त्यांनी सहज वापरला की मुद्दाम, यावर मी गाडीत बराच वेळ विचार केला.

बाहेर एक उंच ड्रायव्हर आहे, सगळे त्याला लंबू म्हणतात. तो म्हणाला, "उडायला कुठे शिकलात हो?" मी हसलो. तो हसला नाही. या लोकांना विनोद करता येतो, पण शेवटपर्यंत नेता येत नाही.

सोमवार, २५ तारीख

डेपोच्या फळ्यावर नव्या वेळा लागल्या. प्रत्येक फेरीचा पाऊण तास कापला आणि एकेक दुकान वाढवलं.

मी आत गेलो तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत सगळे बोलत होते. मी गेल्यावर थांबले. लंबू म्हणाला, "या, साहेबांचं घड्याळ आलं."

मला कळेना. मग एकाने, जरा मवाळ आहे तो, समजावून सांगितलं. रस्ता मोकळा असला, दुकानदार तयार असला की फेरी लवकर संपते. पण रोज तसं नसतं. एखाद्या दिवशी धक्का रिकामा नसतो, एखाद्या दिवशी कुणाची पाठ धरते. म्हणून लवकर संपली तरी वळणावर थांबायचं, ठरलेल्या वेळेलाच आत जायचं. कुणीही मोडायचं नाही. म्हाताऱ्यांना त्या वेळेचा आधार असतो. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" त्याने विचारलं.

सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात करून सांगितलं, घरी येऊन सांगितलं. ज्याने सांगितलं तो माणूस कोपऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही की हे माझे मेहुणे आहेत.

वर पुन्हा मला एकट्याला ठाऊक आहे की माझी वाचलेली वेळ नुसती वळणावर न थांबल्याची नव्हती. त्यात विश्रांतीचा चोरलेला पाऊण तास होता. तो आता सगळ्यांनी कुठून आणायचा?

गुरुवार, २८ तारीख

आप्पांच्या गाडीचा अपघात झाला.

गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून स्वतः मागे बघून यायचं, ही आप्पांची जुनी सवय. सगळे त्यांची थट्टा करायचे की आरसे कशाला दिलेत कंपनीने. आज पाचव्या दुकानापर्यंतच त्यांना उशीर झाला होता. उतरले नाहीत. मागे हातगाडी घेऊन दुकानातला एक कामगार होता. त्याने उडी मारली म्हणून वाचला. हातगाडीचा पापड झाला आणि त्याची टाच त्यात सापडली. पायाला प्लास्टर घातलंय.

डेपोत कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी आलो तर ही वहिनींशी फोनवर बोलत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "दादा असा कसा विसरला हो उतरायला?" मी हात धुवायला गेलो. नळ बराच वेळ सोडून ठेवला.

शुक्रवार, २९ तारीख

चौकशी संपेपर्यंत आप्पा घरी. त्यांची गाडी आज मला दिली.

सीटवर पाठीसाठी शिवलेली छोटी उशी आहे, वहिनींच्या हातची. सीट माझ्या उंचीला मागे सरकवावी लागली असती. नाही सरकवली. दिवसभर गुडघे स्टिअरिंगला घासत गाडी चालवली. याने काही होत नाही, हे मलाही कळतं.

आज खटका कामावर ठेवून काम केलं आणि विश्रांतीच्या वेळी खरोखर विश्रांती घेतली. पार उशीर झाला. वळणावर दुकानाशी एकही गाडी नव्हती, आता थांबायला कुणाकडे वेळच नाही. साहेब नुसते म्हणाले, "आज गर्दी होती वाटतं."

मंगळवार, ३ तारीख

साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली. म्हणाले, "एक कायमची जागा मोकळी होतेय. तुम्ही हो म्हणा, बाकी मी बघतो."

कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो. खोटं का लिहू? त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर निळं जाकीट. आपलं नाव शिवलेलं. मग दुसरं सगळं आलं. पण पहिलं ते आलं, आणि ते लिहिताना माझी मलाच किळस येते.

घरी हिला सांगितलं, "कायम करतायत बहुतेक." ती इतकी खूश झाली की लगेच मुलीला फोन लावायला निघाली. मी म्हणालो, "थांब, अजून पक्कं नाही." जागा कुणाची ते माझ्या तोंडून निघालं नाही.

बुधवार, ४ तारीख

हिला कळलं. मी सांगितलं नाही, आप्पांनीच फोन केला.

ताट वाढलं, समोर बसली. म्हणाली, "दादा म्हणाला, त्यांना सांग, संकोच करू नका. दुसऱ्या कुणाला जाण्यापेक्षा जागा घरात राहिली तर बरंच आहे."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुम्ही काल मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. भांडली असती तर मीही भांडलो असतो, निदान तोंड लपवायला तेवढं झालं असतं. मग मी सगळं सांगितलं. वळणावरचा हात, गॅलरीतलं बोलणं, विश्रांतीचा खटका. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे दादाला माहीत होतं की ते तुमच्यामुळे झालं. आणि तरी त्याने फोन केला." उठली आणि माझं अर्धं ताट न उचलता आत गेली. ताट मीच धुतलं.

शुक्रवार, ६ तारीख

साहेबांकडे गेलो. म्हणालो, "जागा नको. आणि माझ्या वेळा खऱ्या नव्हत्या. मी विश्रांतीच्या खटक्यावर माल उतरवत होतो. त्या वेळांवरून तुम्ही फळा बदललात, तो चुकीचा आहे."

ते काही चकित वगैरे झाले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "यंत्र मलाही वाचता येतं हो. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. गाडी धक्क्याला लागलेली, दुकानाची मालाची सही झालेली, आणि ड्रायव्हर झोपलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एजन्सीचे. खटका तुमच्या हातात, जबाबदारी तुमची. आमच्या माणसाला मी असं करू दिलं नसतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांना काहीतरी करून दाखवतोय.

शनिवार, ७ तारीख

गाड्या सुटायच्या आधी सकाळी सगळे ड्रायव्हर फळ्यासमोर जमतात. साहेब सूचना देत होते. मी मध्येच बोललो. काल केबिनमध्ये जे बोललो ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "साहेबांना हे आधीपासून माहीत होतं." मग म्हणालो, "आणि आप्पा माझे मेहुणे आहेत. त्यांनी मला थांबायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

लंबू म्हणाला, "साहेब, या वेळात विश्रांती बसत नसेल तर आम्ही गाडी काढायची कशी? विश्रांती न घेता चालवा, असं लेखी द्या." साहेबांचा चेहरा उतरला. तासाभरात जुन्या वेळा परत फळ्यावर आल्या. आप्पांची चौकशीही आता मिटवणार म्हणे, घाईच्या वेळापत्रकाचा विषय वर जायला नको म्हणून.

दुपारी एजन्सीतल्या मुलीचा फोन. "काका, काय केलंत हो? त्या डेपोत तुमचं नाव बंद केलंय." मी म्हणालो, "बरोबर केलंय." तिला बिचारीला काही कळलं नाही.

कोणी पाठ थोपटावी म्हणून लिहीत नाही, पण घरी येताना हलकं वाटत होतं. चुकलं ते निस्तरलं, असं वाटत होतं. हिने रात्री स्वतःहून ताट वाढलं.

रविवार, ८ तारीख

मोठ्या तोऱ्यात आप्पांकडे गेलो. सांगितलं, जुन्या वेळा परत आल्या, तुमची गाडी तुमचीच आहे.

"कळलं मला," म्हणाले. "लंबूचा फोन आला होता. तुम्ही चांगलं केलंत, भाऊजी."

वहिनी चहा ठेवून आत गेल्यावर हळूच म्हणाले, "पण मला आता गाडी मागे घेता येत नाहीये. या गुरुवारी चौकशीसाठी डेपोत बोलावलं, एकदा गाडी मागे लावून दाखवा म्हणाले. चार वेळा उतरून मागे बघून आलो. कुणी नव्हतं. वर चढलो की वाटायचं, आत्ता कुणीतरी आलं असेल. पाचव्यांदा उतरलो तो वर चढलोच नाही."

मी म्हणालो, "सवयीने होईल. मी येतो तुमच्याबरोबर." आणखी काय म्हणणार होतो?

रविवार, १५ तारीख

माझ्या जुन्या कंपनीतला मेकॅनिक आता स्वतःचं गॅरेज चालवतो. मागे मोठं मोकळं मैदान आहे. त्याची एक जुनी गाडी मागून घेतली आणि सकाळी आप्पांना घेऊन गेलो. सुट्टीचा दिवस, मैदानात चिटपाखरू नाही.

दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मागे लावायची, एवढंच. आप्पा चढले, इंजिन सुरू झालं. मी मागे जाऊन उभा राहिलो, आरशात त्यांना दिसेन असा, आणि हात हलवून ओरडलो, "येऊ द्या, येऊ द्या."

गाडी हलली नाही.

"येऊ द्या आप्पा, मोकळं आहे सगळं."

इंजिन नुसतं चालू. मग त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "भाऊजी, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही मागे उभे आहात ना, म्हणून पाय सुटत नाही ब्रेकवरचा."

मी बाजूला झालो. पार भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात वर करून, म्हणजे मी कुठे आहे ते त्यांना दिसावं. गाडी तरी हलली नाही. बऱ्याच वेळाने इंजिन बंद झालं. आप्पा खाली उतरले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "उद्यापासून डेपोच्या गेटवर बसतो म्हणून सांगितलंय त्यांना. दांडा उचलायचा, काही वाईट काम नाही."

मग त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "गॅरेजवाल्याची गाडी आहे. अशी मध्येच सोडायला नको. जागेवर लावा."

मी वर चढलो. हातांना काही कळत नाही, ते आपलं काम करतात. गाडी एका दमात, मधोमध, सरळ मागे गेली. आरशात आप्पा दिसत होते. लांब उभे राहून ते हात हलवत होते आणि म्हणत होते, "येऊ द्या, येऊ द्या." मला खाली उतरवेना.